घरच्या गाण्यास वर्धक कोणता घ्यावा?

घरांत एखादी नवी वस्तु आणावयाची झाली म्हणजे तिची निवड दोन रीतींनीं होते. दुकानदार काय दाखवितो तें पाहून मन ठरवावयाचें, ही एक रीति. आणि आपणांस काय हवें तें घरीं बसून आधीं ठरवावयाचें व मग दुकानाची पायरी चढावयाची, ही दुसरी. धान्य, भांडीं, कापड यांच्या बाबतींत आमच्या गृहिणी दुसऱ्याच रीतीनें चालतात, आणि म्हणून सहसा फसत नाहींत. यंत्रांच्या बाबतींत मात्र भलेभले शिकलेले पुरुष पहिल्या रीतीच्या आहारीं जातात. खोक्यावरचा मोठा आंकडा दिसला कीं त्यांची विचारशक्ति तेथेंच थांबते. आम्हीहि त्याच वाटेनें निघालों होतों. परंतु गेल्या वर्षीं चैत्रांत आमच्या घरीं एक प्रसंग उद्भवला आणि त्यानें आम्हांस विचार करावयास लावलें. त्या विचाराचा उपयोग इतर कुटुंबांसहि व्हावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमचे थोरले बंधु, ज्यांस घरांतील लहानथोर सारेच 'अण्णा' म्हणतात, ते आज ७९ वर्षांचे आहेत. पहांटे उठावें, स्नानसंध्या आटोपावी आणि माजघरालगतच्या खोलींत बसून तासभर ख्यालगायन ऐकावें, हा त्यांचा ४० वर्षांचा नेम. वहिनी समोर बसून वाती वळतां वळतां ऐकतात. कानांवर चढवावयाचा हेडफोन आणून देऊं, असें मुलांनीं एकदां सुचविलें होतें. त्यावर अण्णा म्हणाले, "तो एकट्याचा. आम्ही दोघें ऐकतों." भिंतीपलीकडे पुतण्याचें तान्हें मूल निजलेलें असतें. त्यामुळें आवाज इतका लहान ठेवावा लागतो कीं, तो खोलीबाहेर जाऊं नये. पण तंबोऱ्याची जवारी मात्र कानास लागलीच पाहिजे. एकत्र कुटुंबांत एकाचा आनंद दुसऱ्याची झोंप न मोडतां साधावा लागतो, तो असा.

चैत्रांत एके पहांटे खोलींतून जळका वास आला. १९८४ सालीं एका ओळखीच्या कारागिरानें बांधून दिलेला अण्णांचा अ‍ॅम्प्लिफायर उजव्या बाजूनें मुका झाला होता. कारागीर आतां हयात नाहीं, आणि त्यांतील सुटे भाग बाजारांत मिळेनात. अण्णा म्हणाले, "राहूं द्या आतां. पुष्कळ ऐकलें." वर तक्रार नाहीं, कीं मागणी नाहीं. पंधरा दिवस घर पहांटे मुकें राहिलें. वहिनी वाती वळीत, पण स्वयंपाकघरांत बसून. तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, बिघडलें आहे तें केवळ एक यंत्र नव्हे.

नवा अ‍ॅम्प्लिफायर आणावा, हें सर्वांनुमतें ठरलें. पण कोणता, यावर मतें फुटलीं. पुतण्या कारखान्यांत अभियंता आहे. तो म्हणाला, "काका, घ्यायचाच तर दोनशे वॅटचा घेऊं. शक्ति हाताशीं असलेली बरी." घरचा जमाखर्च आमच्या सूनबाईंकडे असतो. त्या म्हणाल्या, "बाबा, जरूर घ्या, पण विजेच्या बिलावर काय पडेल तें आधीं सांगा." निवृत्त मास्तरास वेळ पुष्कळ, म्हणून निवाडा आमच्याकडे आला.

वर्धक करतो तरी काय?

तबकडीवरून किंवा मोबाइलमधून येणारा गाण्याचा विद्युत्संदेश इतका क्षीण असतो कीं, त्यानें स्पीकरचा पडदा हलत नाहीं. त्या संदेशाच्या हुकुमाप्रमाणें घरांतील वीज स्पीकरकडे कमीजास्त सोडणें, हें अ‍ॅम्प्लिफायरचें काम. त्यास आम्ही पुढें 'वर्धक' म्हणूं. नांव वर्धक असलें तरी तो संदेशास ओढून मोठा करीत नाहीं. पाटकरी जसा पाटाचें पाणी शेतांत सोडतो, तसा तो वीज सोडतो. पाणी धरणाचें, हुकूम दुसऱ्याचा, सोडणारा तिसरा. सोडतांना किती पाणी वायां जातें, यावरून वर्धकांचे वर्ग पडले आहेत.

पहिला 'ए' वर्ग. यांत पाट सदैव भरून वाहता ठेवावयाचा, लागेल तेवढें पाणी शेतांत घ्यावयाचें आणि उरलेलें ओढ्यास सोडून द्यावयाचें. गाणें चालू असो वा स्तब्धता असो, विजेचा खर्च जवळजवळ सारखाच. जॉन लिन्स्ली हूड या इंग्रज अभियंत्यानें १९६९ च्या एप्रिल महिन्यांत 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत १० वॅटच्या अशा वर्धकाची रचना प्रसिद्ध केली. हौशी मंडळी ती अजूनहि आवडीनें बांधतात. ८ ओहमच्या स्पीकरसाठीं ती रचना २७ व्होल्टवर १·२ अँपिअर प्रवाह अखंड घेते. गुणाकार केला तर एका बाजूस सुमारें ३२ वॅट, दोन्ही बाजू मिळून ६५ वॅट. म्हणजे छताच्या साध्या पंख्याहून थोडीशीच कमी. ध्वनीची ख्याति मोठी, पण बहुतेक सारी वीज उष्णतेंत जाते, आणि वैशाखांत त्या खोलींत बसावयाचें असतें तें आपणांस.

दुसरा 'बी' वर्ग. यांत दोन ट्रान्झिस्टर काम वाटून घेतात. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक उचलतो, खालचा दुसरा. सिद्धान्ताप्रमाणें या रीतीची कमाल कार्यक्षमता ७८·५ टक्के आहे. परंतु एकाचा हात सुटून दुसऱ्याचा लागतो त्या सांध्यावर लहर किंचित् खडबडते. आणि गंमत अशी कीं, आवाज जितका लहान तितका हा खडबडीतपणा अधिक जाणवतो. म्हणून दोघांनाहि थोडा थोडा प्रवाह सतत देऊन सांधा गुळगुळीत करितात. हा 'एबी' वर्ग. अण्णांचा जुना वर्धक याच जातीचा होता, व आजहि घरोघरचे पुष्कळसे वर्धक याच जातीचे आहेत.

तिसरा 'डी' वर्ग. हें अक्षर 'डिजिटल'चें आद्याक्षर असावें असा समज आहे, तो चुकीचा. वर्णमालेच्या क्रमांत तें पुढचें अक्षर होतें, इतकेंच. याची युक्ति निराळी आहे. ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा असतां तापतो, कारण त्या वेळीं त्याच्यावर विजेचा दाबहि असतो व त्यांतून प्रवाहहि जात असतो. तो पूर्ण उघडा असेल तर त्याच्यावर दाब उरत नाहीं. पूर्ण मिटलेला असेल तर प्रवाह नसतो. दोन्ही स्थितींत तापण्याचें कारणच राहत नाहीं. म्हणून 'डी' वर्गांत दरवाजा अर्धा उघडावयाचा नाहींच. सेकंदास कांहीं लक्ष वेळां तो पूर्ण उघडावयाचा व पूर्ण मिटावयाचा. ध्वनिलहर वर चढावयाची तेव्हां उघडा काल लांबवावयाचा, खालीं उतरावयाची तेव्हां आखडावयाचा. पुढें तारेचें वेटोळें व कपॅसिटर यांची गाळणी असते. ती या जलद उघडझांपीच्या खुणा पुसून टाकते आणि स्पीकरला केवळ गाण्याची लहर मिळते.

ही कल्पना नवी नाहीं. क्लाइव्ह सिंक्लेअर यानें १९६४ सालींच असा 'एक्स-१०' नांवाचा वर्धक इंग्लंडांत विकावयास काढला होता; पण त्या काळच्या ट्रान्झिस्टरांस इतकी जलद उघडझांप झेपत नव्हती. पुढें ट्रान्झिस्टर सुधारले, तरी एक दोष बरींच वर्षें राहिला. गाळणीचा परिणाम स्पीकरच्या स्वभावाप्रमाणें बदले, त्यामुळें एकच वर्धक एका स्पीकरबरोबर गोड वाजे, तर दुसऱ्याबरोबर कर्कश. यावरील उपायाचें तत्त्व जुनेंच होतें. बाहेर गेलेला ध्वनि आंत आलेल्याशीं ताडून चूक जागच्या जागीं सुधारावयाची, ही युक्ति अमेरिकेंत हॅरॉल्ड ब्लॅक याला १९२७ सालीं सुचली होती. ब्रूनो पुत्झेज या बेल्जियन अभियंत्यानें फिलिप्स कंपनींत असतां चालू शतकाच्या आरंभीं अशी रचना केली कीं, हें ताडून पाहणें गाळणीच्या आधीं न होतां गाळणीच्या नंतर, म्हणजे थेट स्पीकरच्या तोंडाशीं व्हावें. त्याच मार्गानें पुढें 'एनकोर', व २०१९ सालीं डेन्मार्कच्या 'प्युरिफाय' कंपनीची 'आयगेनटॅक्ट' या रचना आल्या. 'डी' वर्गाचा आवाज रुक्ष असतो, हें मत एके काळीं खरें होतें. आज तें सरसकट लावणें अन्यायाचें होईल.

वॅट किती लागतात?

आतां पुतण्याच्या दोनशे वॅटांकडे वळूं. आम्हीं त्याला म्हटलें, "वाद कशाला? मोजून पाहूं." जुन्या वर्धकाची डावी बाजू अद्याप जिवंत होती. तिच्यावर केलेला प्रयोग कोणासहि घरीं करण्याजोगा आहे, म्हणून सविस्तर देतों.

प्रथम नेहमींचें गाणें लावून आवाजाची कळ अण्णांच्या पहांटेच्या जागीं आणली व तेथें खडूनें खूण केली. मग गणपतींत पाहुण्यांसह सारें घर दिवाणखान्यांत बसतें त्या वेळचा आवाज लावून दुसरी खूण केली. याहून मोठा आवाज आमच्या घरांत कधींच होत नाहीं. नंतर वर्धक बंद करून त्याच्या पाठीमागच्या स्पीकरच्या तारा सोडविल्या. पुतण्यानें संगणकावर १०० कंपनांचा एकसारखा स्वर पूर्ण पातळीवर तयार केला होता. मुद्रित संगीत या पातळीच्या वर जाऊंच शकत नाहीं. तो स्वर लावून, कळ एकेका खुणेवर ठेवून, स्पीकरच्या तारा जेथें बसतात त्या दोन टोंकांमध्यें मल्टिमीटरनें प्रत्यावर्ती व्होल्ट मोजले. व्होल्टांचा वर्ग करून त्यास स्पीकरच्या ओहमनीं भागलें कीं वॅट निघतात. स्वर चालू असतां टोंकें एकमेकांस लागूं देऊं नयेत. आणि जुन्या कांचेच्या व्हॉल्व्हच्या वर्धकावर हा प्रयोग मुळींच करूं नये, कारण स्पीकरवांचून चालविल्यास तो बिघडण्याची भीति असते.

पहांटेच्या खुणेवर ०·९ व्होल्ट आले. वर्ग ०·८१, भागिले ८; म्हणजे सुमारें एक दशांश वॅट. गणपतीच्या खुणेवर ९ व्होल्ट आले. म्हणजे सुमारें १० वॅट. आणि हाहि क्षणिक कळसाचा आंकडा झाला. सरासरी त्याच्याहून पुष्कळच खालीं. पुतण्यानें गणित दोनदां तपासलें व हंसून म्हणाला, "म्हणजे दोनशेंपैकीं एकशें नव्वद वॅट आपण कपाटांत ठेवून त्यांची पूजा करणार होतों!"

याचें कारण मानवी कानाच्या रचनेंत आहे. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, आणि तेवढी वाढ कानास जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावा तर वॅट दसपट लागतात. म्हणून ५० वॅट व १०० वॅट यांत किंमतींत जेवढें अंतर असतें तेवढें ऐकण्यांत नसतें. उलट, स्पीकर कोणता आहे यानें मोठा फरक पडतो. १ वॅट दिला असतां १ मीटर अंतरावर किती डेसिबल ध्वनि निघतो, हा आंकडा स्पीकरच्या माहितीपत्रकांत दिलेला असतो. ८४ ऐवजीं ८७ डेसिबलचा स्पीकर घेतला तर वर्धक दुप्पट मोठा केल्याचें फळ विजेचा एक थेंबहि न वाढवितां मिळतें.

आपल्या मोठ्यांत मोठ्या गरजेची तिप्पट-चौपट हाताशीं असावी, म्हणजे एखादी जोराची थाप किंवा तारसप्तकांतील पुकार यांस यंत्र अडखळत नाहीं. आमच्या हिशोबानें दर बाजूस ३० ते ४० वॅट पुष्कळ झाले. ज्यांची बैठकीची खोली मोठी आहे किंवा स्पीकर मंद आहेत, त्यांनीं स्वतः मोजून आपला आंकडा ठरवावा.

बिलाचा हिशोब

सूनबाईंच्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आम्हांस आणखी एक गोष्ट कळली, आणि या लेखांतील ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. 'डी' वर्गाच्या माहितीपत्रकावर '९० टक्के कार्यक्षमता' असें ठळकपणें लिहिलेलें असतें. तें खोटें नसतें. पण तें वर्धक पूर्ण भारानें चालला तरच खरें. आपण तर त्यांतून दशांश वॅट काढणार! त्या वेळीं कोणत्याहि वर्गाच्या वर्धकाची कार्यक्षमता शून्याच्या आसपासच असते. म्हणून घरच्या ऐकणाऱ्यानें विचारावयाचा प्रश्न 'किती टक्के' हा नव्हे. 'स्वस्थ बसला असतां किती वॅट खातो' हा आहे.

सूनबाईंनीं वहींत तीन रकाने आंखले. पहांटेचे व रात्रीचे मिळून रोज ४ तास धरले. वर सांगितलेला ६५ वॅटचा 'ए' वर्ग वर्षास ९५ युनिटें घेईल. स्वस्थपणीं ३० वॅट घेणारा 'एबी' वर्ग ४४ युनिटें, आणि ८ वॅट घेणारा 'डी' वर्ग १२ युनिटें. यानंतर त्यांनीं आपण होऊनच चौथा रकाना घातला. "आणि बंद करायला विसरलों तर?" तोच ३० वॅटचा वर्धक अहोरात्र चालू राहिला तर २६३ युनिटें, ८ वॅटचा राहिला तर ७०. म्हणजे बटण न मिटणाऱ्या घरांतील नवा काटकसरी वर्धक, बटण मिटणाऱ्या घरांतील जुन्या वर्धकाहून अधिक वीज खातो! यंत्राच्या वर्गाहून माणसाची संवय वरचढ ठरली, हें पाहून आम्हां जुन्या मास्तरास बरें वाटलें.

या हिशोबाचा दुसरा अर्थहि प्रामाणिकपणें सांगितला पाहिजे. ज्यांच्या घरीं 'एबी' वर्गाचा वर्धक सुस्थितींत आहे, त्यांनीं केवळ विजेच्या बचतीसाठीं तो काढून टाकूं नये. वर्षास ३२ युनिटें वांचतील. युनिटास १० रुपये धरले तरी ते ३२० रुपये झाले. तेवढ्यांत नव्या यंत्राची किंमत कित्येक वर्षांत भरून निघत नाहीं. चालतें यंत्र भंगारांत घालणें, ही काटकसर नव्हे. परंतु ज्यांस नवा घ्यावयाचाच आहे, त्यांनीं 'डी' वर्गाचा घेण्यांत शहाणपण आहे. तो तापत नाहीं, जागा थोडी व्यापतो. आणि थंड राहिल्यानें आंतील कपॅसिटर अधिक काळ टिकतात. तापमान दर १० अंशांनीं उतरलें कीं त्यांचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें, असा या शास्त्राचा ढोबळ नियम आहे.

दुकानांतील परीक्षा

एवढी तयारी करून आम्ही पुतण्यास बरोबर घेऊन बाजारांत गेलों. पहिल्याच दुकानांत एक देखणा वर्धक दाखविण्यांत आला. आम्हीं अण्णांच्या आवडीचें विलंबित ख्यालाचें मुद्रण बरोबर नेलें होतें. आवाज पहांटेच्या मानानें ठेवून ऐकत बसलों. आलाप रंगांत आला आणि मध्येंच सारें स्तब्ध झालें. दुकानदार म्हणाला, "वीज वांचविण्यासाठीं तो आपोआप झोंपतो. आवाज थोडा वाढवा, म्हणजे जागा होईल." चौकशी केल्यावर कळलें कीं, आंत येणारा संदेश ठराविक मर्यादेहून क्षीण राहिला तर गाणें संपलें असें हें यंत्र समजतें. काटकसरीची युक्ति चांगली. पण जी काटकसर अण्णांचा आलाप मध्येंच तोडते ती आमच्या कामाची नव्हती. ही सोय बंद करतां येईल काय, असें विचारलें. त्या यंत्रांत ती बंद होत नव्हती. आम्ही नमस्कार करून उठलों.

त्या दिवसापासून पुढील प्रश्न आम्हीं एका चिठ्ठीवर लिहून खिशांत ठेवले. वाचकांसहि त्यांचा उपयोग होईल.

पहिला प्रश्न आपोआप झोंपण्याचा. ती सोय आपल्या इच्छेनें मिटतां-उघडतां आली पाहिजे. निजलेल्या स्थितींतील खर्चहि विचारावा. युरोपांत २०१३ पासून साध्या विद्युत् यंत्रांस तो अर्ध्या वॅटच्या आंत ठेवण्याचें बंधन आहे. चांगल्या यंत्रांत तो तितकाच असतो.

दुसरा, स्तब्धतेचा. कांहींहि न लावतां यंत्र चालू करून स्पीकरच्या लहान तोंडाशीं कान न्यावा. तेथें वाऱ्यासारखी सळसळ येत असेल, तर पहांटेच्या आवाजांत ती जवारीवर चढून बसेल. मोठ्या आवाजांत झांकणारे दोष लहान आवाजांत उघडे पडतात.

तिसरा, आवाजाच्या कळीचा. कळ अगदीं तळाशीं आणून दोन्ही बाजू सारख्या वाजतात कीं नाहीं तें पाहावें. हलक्या कळींत तळाशीं एक बाजू दुसरीहून मोठी येते, व गवई मधून सरकून कोपऱ्यांत जाऊन बसतो.

चौथा, आंकड्यांचा. 'पी. एम. पी. ओ.' या नांवाखालीं छापलेले हजारों वॅट हे अजागलस्तनाप्रमाणें केवळ दिसण्यापुरते असतात. अखंड देतां येणारे वॅट किती, किती ओहमवर आणि किती टक्के विकृतीसह, हें विचारावें. कारण १० टक्के विकृति धरून आंकडा मोठा करण्याची चाल आहे. अमेरिकेंत या फुगवाफुगवीस आळा घालण्यासाठीं १९७४ सालीं तेथील संघीय व्यापार आयोगास नियम करावा लागला. लहान वर्धकाची एक सोपी परीक्षा अशी: बरोबर मिळणाऱ्या अडॅप्टरवरील व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार करावा. २४ व्होल्ट व ३ अँपिअर असतील तर आंत येतात ७२ वॅट. मग बाहेर २०० वॅट अखंड कसे निघणार? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

पांचवा, दुरुस्तीचा. 'डी' वर्गाची ही खरी उणी बाजू आहे. यांतील भाग तिळाएवढे असतात. गल्लींतील कारागिरास ते सुटे बदलतां येत नाहींत, बहुधा संपूर्ण पट्टीच बदलावी लागते. म्हणून ती पट्टी वेगळी मिळते काय, हमी किती वर्षांची, हें लेखी घ्यावें. पावसाळ्यांत विजा कडाडूं लागल्या कीं खटका मिटून भागत नाहीं, प्लगच काढून ठेवावा.

याशिवाय दोन गोष्टी घरीं आणल्यावर संभाळाव्या. अशा पुष्कळ वर्धकांत स्पीकरच्या दोन काळ्या टोंकांस एकमेकांशीं जोडणें धोक्याचें असतें, म्हणून जुन्या सामाईक तारा वापरूं नयेत. आणि मध्यम लहरींचा रेडिओ कोणी ऐकत असेल तर तो या यंत्रास चिकटून ठेवूं नये. जलद उघडझांपीमुळें त्यांत खरखर येण्याचा संभव असतो.

तिसऱ्या दुकानांत मनाजोगा वर्धक मिळाला. दर बाजूस ४० वॅट, स्वस्थपणीं ८ वॅट, आणि आकारानें अण्णांच्या पोथीच्या दप्तराएवढा. तो आणून जुन्याच स्पीकरांस जोडला व अण्णांस कांहीं न बोलतां खोलीची किल्ली त्यांच्या आसनावर ठेवली. जुना वर्धक आम्ही ज्या शाळेंत शिकवीत होतों तिच्या प्रयोगशाळेंत दिला. ट्रान्सफॉर्मर कसा असतो तें मुलांस दाखविण्यास तो अजून पुष्कळ वर्षें पुरेल.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्हांस लवकर जाग आली. आमची खोली माडीवर आहे. जिन्याच्या तोंडाशीं उभे राहून कान दिला, तों कांहींच ऐकूं येईना. आम्हांस वाटलें, हेंहि यंत्र निजलें! चिंतेनें खालीं उतरलों. माजघर ओलांडून खोलीच्या दाराशीं पोहोंचल्यावर मात्र तंबोरा ऐकूं आला. जुन्या यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरचा सूक्ष्म गुणगुणाट त्याच्याखालीं नेहमीं असे. इतक्या वर्षांत तो आम्हांस कळलाहि नव्हता, आतां तो नाहीं हें कळलें. वहिनी समोर वाती वळीत बसल्या होत्या. अण्णांनीं डोळे उघडले, हातानें आम्हांस बसण्याची खूण केली आणि हळूच म्हणाले, "खर्ज स्वच्छ ऐकूं येतो आहे." पलीकडे मूल निजलेलेंच होतें.

वर्धक निवडतांना पुष्कळ लोक घरांतील मोठ्यांत मोठा आवाज डोळ्यांपुढें आणतात. आमचें सांगणें इतकेंच कीं, त्याआधीं घरांतील लहानांत लहान आवाज कोणता व तो कोणाचा, तें पाहावें. तो ज्या यंत्रास नीट साधतो त्यास बाकीचें बहुधा साधतेंच. आणि असें यंत्र वीजहि थोडीच खातें. मात्र गाणें संपल्यावर बटण मिटण्याचें काम त्याच्यावर सोंपवूं नये. तें आमच्या घरीं वहिनींनीं आपल्याकडे घेतलें आहे.